साहेब, दोन फटके द्या त्याला

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला तरुण २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, मुक्ताईनगरच्या आमच्या केंद्राच्या बैठकीचा दिवस. आमच्या एक जुन्या सभासद बाई येताना पाव किलो पेढे घेऊन आल्या. आम्हाला वाटलं नातू झाला. "कायचा नातू! त्या मेल्याले उडवलं ना पोलिसांनी, म्हणून," त्या म्हणाल्या. पंधरा-सोळा जणी होतो. सगळ्यांनी हात पुढे केले. मीही केला. अर्धा पेढा खाल्ला आणि पुढचा घास गिळवेना. उरलेला अर्धा वहीच्या कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

का गिळवेना ते त्या दिवशी मला सांगता आलं नाही. वाद घालायचा धीरही झाला नाही, कारण त्या बायकांचा राग खरा होता. त्यात आयाही होत्या, आज्याही होत्या. दोघीतिघींच्या नाती बालवाडीत जातात. तेव्हापासून जे मनात घोळत राहिलं ते इथे मांडते आहे. सगळ्या मैत्रिणींना पटेल असं नाही. आमच्या केंद्रातही सगळ्यांना पटलेलं नाही, ते पुढे येईलच.

मी मूळची इथलीच. आमच्या लहानपणी मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणत. पोलीस मला आधी गोष्टीतून भेटले. आमच्या शाळेत नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट सांगत. ९ सप्टेंबर १९४२ ला झेंडा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. गुरुजी सांगत, पोलीस इंग्रज सरकारचे होते. ते पोलीस १९४७ नंतर कुठे गेले, हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

घरात 'पोलीस येईल' हे पोरांना गप्प करायचं वाक्य होतं. गल्लीत जमादार दिसला की बायका पदर सावरून आत जायच्या. घरात चोरी झाली तरी बाईनं ठाण्यात जायचं नाही. ठाण्याची पायरी चढलेल्या बाईबद्दल लोक काय बोलत ते इथे लिहायला नको.

या भीतीला शब्द मिळाले ते मथुरेच्या खटल्यामुळे. नव्या मुलींना आता हे सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगते. मथुरा ही आदिवासी मुलगी. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिला आणि घरच्यांना देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जबाबासाठी बोलावलं होतं. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं. दोन पोलिसांवर आरोप आला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नव्हता, म्हणून तिची संमती होती असा तर्क केला गेला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला आणि अशा खटल्यात बाईनं 'संमती नव्हती' असं सांगितलं तर कोर्टानं तसंच धरून चालावं, अशी तरतूद झाली.

मी तेव्हा कॉलेजात होते. नंतर शिबिरांतून आम्ही या खटल्यावर फार बोलायचो. पोलिसानं बळ वापरलं असं म्हणायला त्यानं हात उचललेला असावाच लागत नाही, हे आम्हाला त्यातून समजलं. रात्रीची वेळ, बंद दार, अंगावर खाकी आणि समोर एक मजूर पोरगी. एवढं पुरतं. ज्या बाईकडे घर नाही, जमीन नाही, जात-जमातीचं वजन नाही, तिच्यासाठी ठाण्यात नुसतं बसवून ठेवणं हेही बळच असतं.

या समजुतीला आमच्याकडे पहिला तडा १९९४ साली गेला. जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं आणि जिल्हा हादरला. त्याला वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव मला आजही लिहावंसं वाटत नाही, कारण त्या नावानं मुलींवरच डाग लागला. तपासाला अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर असे अधिकारी आले. बोरवणकर बाईंचा फोटो पेपरात आला तेव्हा आमच्या बायका तो कापून ठेवत होत्या. पोलिसांच्या कपड्यातली बाई आपल्या बाजूनं उभी आहे, हे दृश्यच नवं होतं. पुढे त्या प्रकरणातले बरेच आरोपी कोर्टात सुटले. कितीतरी मुली पुढे आल्याच नाहीत. एका ताईंच्या भाषेत सांगायचं तर, तपास मुंबई-पुण्याहून आला पण मुलींना राहायचं होतं जळगावातच. तरीही ठाणं हे आपलंही ठिकाण असू शकतं हा विचार त्या वर्षांत रुजला. तक्रार निवारण केंद्रं, महिला दक्षता समित्या, दारूबंदीचे मोर्चे यांतून आमची ठाण्यात ये-जा वाढली. फौजदार आम्हाला 'या ताई' म्हणू लागले. चहा सांगू लागले.

त्या चहाबद्दलच मला बोलायचं आहे.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका तालुक्यात काम करत होते. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी एक बाई आमच्याकडे आली. नवरा पिऊन मारायचा. आम्ही चौघीजणी तिला घेऊन ठाण्यात गेलो. साहेब भला माणूस वाटला. त्यानं विचारलं, "केस करायची, की समज द्यायची?" केस म्हणजे ४९८ अ. नवरा आत जाणार, त्याची मजुरी बुडणार, सासू हिला घराबाहेर काढणार. बाईनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकींकडे. मग तीच म्हणाली, "सायेब, दोन फटके द्या त्याले. लई नका मारू."

आम्हाला ते पटलं. खरं म्हणजे आवडलं. शिपाई जाऊन नवऱ्याला घेऊन आला. त्याला मागच्या खोलीत नेलं. आम्ही बाहेर बाकावर चहा पीत होतो. आवाज येत होता. मी मनात मोजत होते हे मला आजही आठवतं. अकरा. मग तो लंगडत बाहेर आला, बायकोपुढे हात जोडले, आमच्याही पाया पडू लागला. कागदावर एक ओळही लिहिली गेली नाही. परतताना एस.टी.त आम्ही खुशीत होतो. आपल्या शब्दाला वजन आलं असं वाटत होतं.

पंधरा दिवस तो गप्प होता. मग एका रात्री त्यानं तिला पालथी पाडून तळपायांवर मारलं. पोलिसांनी त्याला तसंच मारलं होतं. तिथे मारलं की वळ दिसत नाहीत आणि माणूस चार दिवस उभा राहू शकत नाही, हे तो ठाण्यात शिकून आला होता. तिची आठवड्याची मजुरी गेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, अंगावर तर काही दिसत नाही. पुढे ती माहेरी आली आणि पोटगीसाठी कोर्टात गेली. वकिलांनी विचारलं, आधीची तक्रार आहे का? आम्ही चौघी साक्षीदार होतो, पण कशाच्या? ठाण्यात गेलो. तो साहेब बदलून गेला होता. नवीन साहेबांनी रजिस्टर पाहिलं. आमच्या दप्तरी असं काही नाही, म्हणाले. साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नव्हती. समोरच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की या बाईला कधीच मारहाण झालेली नाही, पैशासाठी आत्ता गोष्ट रचली आहे. पोटगीचा हुकूम व्हायला तीन वर्षं गेली.

यातलं सगळ्यात लाजिरवाणं अजून सांगायचं राहिलं. पुढे कितीतरी शिबिरांत मी ही हकीगत विजयाची म्हणून सांगितली. नवऱ्यानं हात जोडले, इथपर्यंतच.

हा साहेब वाईट नव्हता, असं मी आजही म्हणेन. तो सोपं ते करत होता. गुन्हा नोंदवायचा तर जबाब घ्यावा लागतो, वैद्यकीय तपासणीला पाठवावं लागतं, पंचनामा, साक्षीदार, दोषारोपपत्र, मग कोर्टाच्या तारखा. एवढं करून गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरून विचारणा होते. अकरा फटक्यांना काही लागत नाही. बाई खूश, बाईच्या संघटनेच्या ताया खूश, नवरा घरी, रजिस्टर कोरं. मारण्याचा अधिकार त्याला कुठल्याच कायद्यानं दिलेला नव्हता, पण ते विचारणारं तिथे कोण होतं? जे विचारू शकत होते ते बाकावर चहा पीत होते.

आणि जे साहेबाच्या मर्जीनं मिळतं ते साहेबाच्या मर्जीनं जातंही. नवरा सरपंचाचा माणूस असता तर फटके मिळाले नसते. आमच्याऐवजी ती एकटी आली असती तर 'घरचं घरी मिटवा' ऐकून परत गेली असती. नोंदीच्या बाबतीत तसं नाही. ती झाली की साहेब बदलला तरी राहते आणि झाली नाही तर जाब विचारता येतो. २०१३ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस स्वतःच गुन्हेगार ठरतो. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम १९९ म्हणून ती कायम आहे. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. प्रथम खबरीची प्रत फुकट द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं आहे. हे सगळं बायकांनी आणि कोठडीत मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी भांडून मिळवलेलं आहे. पण आमच्या बैठकीत विचारा, कलम १९९ किती जणींना माहीत आहे? 'एन्काउंटर' हा शब्द मात्र सगळ्यांना येतो.

आता पेढ्यांकडे येते.

बदलापूरच्या मुलींचे पालक १६ ऑगस्ट २०२४ ला ठाण्यात गेले. गुन्हा नोंदवून घ्यायला बारा तासांच्या आसपास लागले. त्या ठाण्याच्या प्रमुख एक महिला अधिकारी होत्या. खाकीतल्या बाईचा फोटो कापून ठेवणाऱ्या आम्ही, आम्हाला ही गोष्ट जड गेली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद राहिल्या, तेव्हा कुठे सरकार हललं. संध्याकाळी लाठी चालली ती पुन्हा लोकांवरच. उच्च न्यायालयानं दिरंगाईबद्दल खडसावलं. मग महिनाभरानं आरोपीला तळोजा तुरुंगातून नेत असताना गोळी. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तोपर्यंत पेढे पचून गेले होते.

हैदराबादला २०१९ साली वेगळं काय झालं होतं? २७ नोव्हेंबरच्या रात्री ती पशुवैद्य तरुणी घरी आली नाही, घरचे ठाण्यात गेले, तर हद्दीवरून वेळ घालवला गेला. त्यासाठी तीन पोलीस निलंबित झाले. ६ डिसेंबरला पहाटे चारही आरोपींना गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, बायकांनी राख्या बांधल्या. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ साली बाहेर आला. पोलिसांची हकीगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, चारपैकी तिघे अज्ञान होते आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं त्यात म्हटलं होतं.

दोन्ही ठिकाणी आधी नोंदवायला उशीर झाला, मग गोळी आली. आणि गोळी आल्यावर उशिराबद्दल कुणी बोलेना. माझ्या ठाण्यातल्या अकरा फटक्यांचंच हे मोठं रूप आहे, असं मला वाटतं. बदलापूरचा खटला उभा राहिला असता तर शाळेच्या संस्थाचालकांना जास्त प्रश्न विचारले गेले असते. कॅमेऱ्याचं चित्रण कुठे गेलं, पालकांना आधी काय सांगितलं, कुणी कुणाला वाचवलं, हे त्या मुलींच्या आयांना कळायला हवं होतं. मुख्य आरोपीच गेल्यावर ते सारं कोर्टात पुरतं उलगडणं अवघड. आम्ही मात्र तोंड गोड केलं.

"पण तो तर राक्षसच होता," असं बैठकीत पुढे कुणीतरी म्हणालं. असेल. तो सुटावा असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न आहे तो गोळी झाडणाऱ्या हाताचा. त्या हाताला एकदा न विचारता चालायची सवय लागली की तो कुणावर चालेल हे आपण ठरवत नाही. आमच्या खानदेशातच पाहा. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालेलं भांडण दंगलीपर्यंत गेलं. पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मेले. आमच्या तालुक्यात पारधी वस्त्या आहेत. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांतली ही एक. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण कुठेही चोरी झाली की रात्री जीप त्यांच्याच दारात उभी राहते. त्या वस्तीतल्या बायका आमच्या बैठकीला येत नाहीत. मी बोलवायला गेले होते. एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही पोलिसांत बसणाऱ्या बाया." तिला काय उत्तर देणार?

आणि परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, मग पोलीस वस्त्यांत शिरले. बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू झाल्याचं आलं. त्याची आई विजयाबाई हिनं सरकारी मदत नाकारली आणि ती कोर्टात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. या बाईनं कुणाला फटके द्या म्हटलं नाही, कुणाला गोळी घाला म्हटलं नाही. माझ्या मुलाचं काय झालं ते लिहून घ्या, एवढंच मागितलं आणि तेवढ्यासाठी तिला सात महिने लढावं लागलं. स्त्री-चळवळीच्या व्यासपीठांवर तिचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं मला ऐकू आलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरनं जीव दिला. एका फौजदारानं बलात्कार केल्याचा आरोप तिनं तळहातावर लिहून ठेवला होता. शिकलेली, सरकारी नोकरीतली, रोज पोलिसांशी काम पडणारी मुलगी. तिलाही लिहायला शेवटी स्वतःचा तळहातच सापडला. मथुरेला पन्नासहून जास्त वर्षं झाली.

पण पोलीस म्हणजे फक्त हात उगारणारे असं मी लिहिलं तर तेही खोटं होईल. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस आमच्या शेजारी कोथळीला मुक्ताईच्या यात्रेत काही मुलींची छेड काढली गेली. त्यात सत्तेतल्या एका बाईंच्या घरची मुलगीही होती. गाव कुणाचं, घर कुणाचं, सगळ्यांना माहीत आहे, पण मुली अज्ञान आहेत म्हणून मी नावं लिहीत नाही. सोबत सुरक्षेला असलेल्या पोलिसानं टोकलं तर टोळक्यानं त्यालाच धक्काबुक्की केली. बाई स्वतः ठाण्यात जाऊन बसल्या, तेव्हा ती गोष्ट देशभर गेली. गावात लगेच सुरू झालं, 'चौकात आणून फोडा, धिंड काढा'. त्या पोलिसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला लागलं का? तो मुलींच्या आणि पोरांच्या मध्ये उभा राहिला, आपल्याला पोलिसांकडून हवं आहे ते नेमकं हेच. त्याची दखल नाही आणि गोळी झाडणाऱ्याला हार. मग नव्या भरतीतल्या पोरापोरींनी काय शिकायचं?

यात्रेच्या बंदोबस्तात एक शिपाई मुलगी मला भेटली होती. सकाळपासून उभी होती. मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, "नको मावशी, पाणी प्यायले तर जायचं कुठे?" बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या, पण मुतारी ठेवली नाही. चळवळीत राहूनही मला हे तोवर सुचलं नव्हतं.

आम्ही आता केंद्रात ठरवलं आहे की कुणालाही फटके द्यायला सांगायचं नाही. ठाण्यात गेलो की तक्रार लिहून घ्या म्हणायचं आणि प्रत हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. हा ठराव सहज झाला नाही. माझ्याबरोबर वीस वर्षं काम करणारी मैत्रीण म्हणाली, "तुझं कागदाचं ठीक आहे. पण तो आज रात्री मारणार आहे, त्याचं काय? कोर्ट तारीख देईल पुढल्या महिन्याची. फटक्यांनी निदान पंधरा दिवस तरी मिळतात." तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षणाचा आदेश आहे, घरात राहण्याचा हक्क आहे, पण संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर किती गावांचं ओझं असतं हे आपल्याला माहीत आहे. त्या एका रात्रीसाठी आम्ही एवढंच करतो की बाईला एकटं परत पाठवत नाही. कुणाकडे तरी ठेवतो. ठराव झाला, मैत्रिणीनं विरोधात हात वर केला आणि तो विरोध आम्ही वहीत नोंदवला.

पेढे आणणाऱ्या बाई मध्यंतरी मला शोधत आल्या. त्यांची लेक शेजारच्या तालुक्यात दिलेली आहे. जावयानं तिला मारलं होतं. "चल वं, तुही ओळख हाये ना, सायबाले सांग दोन ठेवून द्यायले," त्या म्हणाल्या. आम्ही तिघी गेलो. दुपारचे चार वाजले होते. तिथल्या साहेबांनीही विचारलं, केस करता की समज देऊ? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहून घ्या. मग मोठे साहेब यायचे आहेत, मग जबाब घ्यायला बाई कर्मचारी नाही, मग वीज गेली. चहा आला तो मी घेतला नाही. लेक दोनदा म्हणाली, जाऊ द्या आई. पावणेदहाला प्रत मिळाली. बाहेर दिव्याखाली उभं राहून मी ती दोघींना वाचून दाखवली. बाई मान हलवत ऐकत होत्या. मध्येच त्यांनी थांबवलं. "सळईचं लिहिलं का त्याच्यात?" लिहिलं होतं. तेवढं त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. शेवटची एस.टी. निघून गेली होती.